अमेरिकेतल्या शाळा: प्रिन्सिपल आपल्या वर्णाचा असण्या-नसण्याने शिक्षकाला फरक पडतो का?

रेवाकाठ
आमच्या डिस्ट्रिक्टच्या (म्हणजे इथल्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या) ट्रेनिंगमधे यावरून चांगलीच जुंपली आणि घरी आले तरी डोक्यातून जाईना, म्हणून धागा काढतेय. मी टेक्सासमधे पब्लिक मिडल स्कूलला सायन्स शिकवते. शिक्षक नोकरीत खूश आहे की नाही, टिकतो की सोडून जातो, यात त्याचा आणि प्रिन्सिपलचा वर्ण एक असण्या-नसण्याचा हात असतो का? माझं मत विचाराल तर असतो, आणि तो "आपलं माणूस वर बसलंय, बरं वाटतं" एवढ्यापुरता नसतो. तो कामाच्या वाटपात असतो. पैशाचं जादा काम कोणाला मिळतं, बिनपैशाचं कोणाच्या गळ्यात पडतं, हे प्रिन्सिपल ठरवतो आणि माणूस कंटाळतो तो तिथे.

आकडे आधी सांगते. २०२०-२१ च्या केंद्र सरकारच्या सर्व्हेत पब्लिक शाळांतले साधारण ८०% शिक्षक गोरे, ९% हिस्पॅनिक, ६% ब्लॅक आणि आपण एशियन लोक २%. प्रिन्सिपल ७७% गोरे, १०% ब्लॅक. मुलांमधे मात्र गोरी मुलं आता निम्म्याहून कमी आहेत. जेसन ग्रिसम आणि लेल कायझर यांचा २०११ चा पेपर आहे, देशभरातल्या शिक्षकांच्या सर्व्हेवरून केलेला. त्यात आपल्याच वर्णाचा प्रिन्सिपल असलेले शिक्षक जास्त समाधानी निघाले आणि शाळा सोडून जायचं प्रमाणही त्यांच्यात कमी निघालं. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते पुढचं, ब्लॅक शिक्षकाला ब्लॅक प्रिन्सिपलच्या हाताखाली पगाराव्यतिरिक्तचे जादा पैसे बरेच जास्त मिळतात. जादा पैसे म्हणजे कोचिंग, समर स्कूल, क्लब चालवणं, डिपार्टमेंटचं प्रमुखपद वगैरेचे स्टायपेंड. हे पगाराच्या स्केलमधे येत नाहीत, हे कोणीतरी कोणालातरी देतं.

आता डोळ्यांनी पाहिलेलं. माझ्या आधीच्या शाळेत सोशल स्टडीजचा एक ब्लॅक शिक्षक होता, अतिशय तयारीचा माणूस. कुठल्याही वर्गात एखाद्या ब्लॅक मुलाने गोंधळ घातला की त्या वर्गाची बाई त्याला ऑफिसात न पाठवता सरळ याच्या खोलीत पाठवायची. याच्या तयारीच्या पीरियडला मागच्या टेबलावर दोन-तीन मुलं ठरलेली, कोणी डोकं खाली घालून, कोणी शेजारच्याला पेन्सिल टोचत. टेक्सासच्या कायद्यात दोन आठवड्यांत ४५० मिनिटं तयारीला द्यायचीच आहेत आणि त्या वेळात शिक्षकावर दुसरं काम लादता येत नाही. पण लादतंय कोण? कोणीच नाही, "तो मुलांना छान सांभाळतो ना" एवढंच. प्रिन्सिपल गोरे होते, स्वभावाने खरंच चांगले, दारातून डोकावून थॅंक्यू म्हणून जायचे. त्या वर्षी डिपार्टमेंट प्रमुखाचं पद रिकामं झालं ते दुसऱ्याला गेलं, कारण काय तर "तुझ्यावर आधीच खूप लोड आहे". नंतर एक ब्लॅक बाई प्रिन्सिपल म्हणून आल्या. पहिल्या आठवड्यात त्यांनी त्याच्या खोलीत येऊन विचारलं, ही मुलं इथे का बसलीत? बाकीच्यांना तो प्रश्न तोवर पडलाच नव्हता.

जॉन किंग हे ओबामांच्या काळात शिक्षणमंत्री होते, त्यांनी २०१६ मधे याला अदृश्य कर म्हटलं होतं, की वर्णामुळे शिक्षकाकडून जास्तीचं काम घेतलं जातं आणि त्याची नोंद कुठेच नसते. माझं म्हणणं, नोंद करा. आणि प्रिन्सिपलच्या खुर्चीत वेगवेगळे लोक येतील हे मुद्दाम बघा. बोला.

मिलिंद_एडिसन
मी शिक्षक नाही, दोन मुलांचा बाप आहे आणि न्यू जर्सीत तगडा प्रॉपर्टी टॅक्स भरतो, त्यातला मोठा भाग शाळेला जातो, तेव्हा बोलायचा हक्क आहे असं समजतो. तुम्ही सांगितलेल्या सरांवर अन्याय झाला हे शंभर टक्के मान्य. पण त्याचा उपाय म्हणून प्रिन्सिपलचा वर्ण बघायचा हे मला पटत नाही, आणि का पटत नाही ते सांगतो कारण हे प्रकरण आमच्या शेजारच्या गावात घडलेलं आहे.

पिस्कॅटवे. १९८९ साली तिथल्या हायस्कूलमधे बिझनेस एज्युकेशनचा एक शिक्षक कमी करायचा होता. दोन बाया, एक गोरी एक ब्लॅक, दोघी १९८० मधे एकाच दिवशी लागलेल्या, सिनिऑरिटी सारखी, कामाचं रेटिंग सारखं. एरवी अशा वेळी चिठ्ठी टाकायचे. बोर्डाने चिठ्ठी न टाकता ब्लॅक बाईंना ठेवलं कारण त्या डिपार्टमेंटमधे त्या एकट्याच ब्लॅक होत्या, आणि गोऱ्या बाईंना घरी पाठवलं. त्या गोऱ्या बाईंचा, टॅक्समन त्यांचं आडनाव, खटला अपील कोर्टापर्यंत गेला, १९९६ मधे त्या जिंकल्या, मग सुप्रीम कोर्टाने केस ऐकायला घेतली आणि निकाल लागायच्या आत १९९७ च्या नोव्हेंबरमधे ४,३३,५०० डॉलरला तडजोड झाली, आणि त्यातले बहुतेक पैसे नागरी हक्कवाल्या संघटनांनी दिले कारण निकाल विरोधात गेला तर देशभर फटका बसेल ही भीती होती. आणि यात त्या ब्लॅक बाईंचं काय झालं याचा विचार करा. चांगलं शिकवणारी बाई, स्वतःच्या बळावर नोकरी टिकवलेली, तिला सगळ्या देशासमोर सांगण्यात आलं की तुला तुझ्या वर्णामुळे ठेवलं. वर्ण बघायला लागलात की ज्याच्यासाठी बघता त्याचाही अपमान होतो.

१९६४ च्या सिव्हिल राइट्स कायद्याचं टायटल सेव्हन स्वच्छ सांगतं, नोकरी देताना-काढताना वर्ण बघायचा नाही. आपल्याला इथे या देशात जे काही मिळालं ते त्याच कायद्यामुळे मिळालं हे विसरू नये. चांगला प्रिन्सिपल हवा, तो कुठल्याही वर्णाचा असो.

संख्याप्रेमी
रेवाकाठ, तुमच्या हेतूबद्दल शंका नाही पण पेपरवर बोलू. तो सर्व्हे वीस वर्षांहून जुना आहे आणि मुळात एका वेळचा फोटो आहे. ब्लॅक प्रिन्सिपल कुठेही सरसकट नेमले जात नाहीत, ते जास्त करून अशाच शाळांत असतात जिथे मुलं ब्लॅक, परिसर ब्लॅक, आणि बरेच शिक्षकही ब्लॅक. मग समाधान नक्की कशाचं? प्रिन्सिपलचं, परिसराचं, का घर जवळ असण्याचं?

दुसरं, रिचर्ड इंगरसॉल आणि हेन्री मे यांनी केंद्राच्याच सर्व्हेवरून अल्पसंख्याक, म्हणजे इथे गोरे सोडून बाकीचे, शिक्षक का सोडतात ते बघितलं होतं. ते नेहमी म्हटलं जातं ना की नवीन ब्लॅक-हिस्पॅनिक शिक्षक मिळत नाहीत, तर तसं नाही, १९८७-८८ मधे अल्पसंख्याक शिक्षक साधारण सव्वातीन लाख होते ते २००८-०९ पर्यंत जवळपास दुप्पट झाले. भरती होते, पण गळती जास्त. आणि गळतीमागे सगळ्यात जोरदार निघालं काय तर शाळेच्या निर्णयांत शिक्षकाला किती विचारतात आणि वर्गात त्याला किती मोकळीक आहे. मुलं गरीब आहेत, शाळेत अल्पसंख्याक जास्त आहेत, याचा फार संबंध निघाला नाही. तुम्ही म्हणाल मोकळीक प्रिन्सिपलच देतो, बरोबर, पण मग हा मॅनेजमेंटचा प्रश्न झाला. जो प्रिन्सिपल शिक्षकाला विचारून टाइमटेबल लावतो तिथे गोरा, काळा, देशी सगळेच टिकतील. वर्णाचं लेबल लावून आपण दुरुस्त करता येण्यासारख्या गोष्टीला दुरुस्त न होणारी करून ठेवतो असं मला वाटतं.

रेवाकाठ
संख्याप्रेमी, फोटोचा मुद्दा रास्त आहे पण त्यापुढचं काम झालेलं आहे. एक तर त्या २०११ च्या पेपरमधे जादा पैशाची तुलना एकाच डिस्ट्रिक्टच्या आतली आहे, म्हणजे गरीब डिस्ट्रिक्ट विरुद्ध श्रीमंत डिस्ट्रिक्ट हा घोळ निघून जातो. आणि नंतर ब्रेंडन बार्टेनन आणि ग्रिसम यांनी मिझुरी आणि टेनेसीची वर्षानुवर्षांची नोंद घेऊन असं बघितलं की शाळा तीच, प्रिन्सिपल बदलला, मग काय झालं. ब्लॅक प्रिन्सिपल आला की ब्लॅक शिक्षकांची भरती वाढते आणि असलेले जास्त टिकतात. परिसर तोच, घरं तीच, बिल्डिंग तीच. वाढ टक्क्या-दोन टक्क्यांच्या आसपास आहे, फार मोठी नाही. पण ज्या देशात ब्लॅक शिक्षकच ६% आहेत तिथे ती मला लहानही वाटत नाही.

मिलिंद, खटला छान मांडलात. पण मी कोणाला काढा म्हणत नाहीये. आणि "चांगला प्रिन्सिपल हवा, वर्ण कुठलाही" हे वाक्य आमच्या त्या आधीच्या प्रिन्सिपलना तंतोतंत लागू होतं, ते चांगलेच होते. तरी त्यांना ते दिसलं नाही.

निवृत्त_मुख्याध्यापक
मी सातारा जिल्ह्यात अनुदानित शाळेत मुख्याध्यापक होतो. विषय परदेशातला आहे, मी मत देणार नाही, एक गोष्ट समजून घ्यायची आहे. आमच्याकडे मुख्याध्यापकाच्या हातात तसं फार नसतं हो. नेमणूक संस्था करते, आता तर पवित्र पोर्टलवरून उमेदवार येतात, पगार शासन देतं तोही वेतनश्रेणीप्रमाणे, बिंदुनामावली, म्हणजे आरक्षणाचा तक्ता, वरून तपासून येते. मुख्याध्यापक फार तर तासिका वाटप करणार, गोपनीय अहवाल लिहिणार. तिकडे एका प्रिन्सिपलमुळे शिक्षक एवढे टिकतात किंवा जातात म्हणजे त्याला अधिकार किती असतात?

रेवाकाठ
सर नमस्कार, हा प्रश्न खरं तर मी मूळ लेखातच घ्यायला हवा इतका नेमका आहे. इथे प्रिन्सिपल म्हणजे जवळजवळ सगळं. जागा निघाली की इंटरव्ह्यू तोच घेतो, डिस्ट्रिक्ट फक्त कागदपत्रं आणि पोलीस तपासणी बघते. टेक्सासमधे नव्या शिक्षकाचं काँट्रॅक्ट सुरुवातीला वर्षावर्षाचं असतं, ते पुढे न्यायचं की नाही याची शिफारस त्याची. कुठला वर्ग द्यायचा, कोणत्या खोलीत बसवायचं, तेही त्याच्याकडे. वर्गनिरीक्षण टी-टेस नावाच्या पद्धतीने होतं, वर्गात बसून निदान ४५ मिनिटं, चार विभागांत सोळा बाबी आणि प्रत्येकीला पाचातली एक पायरी. ते प्रिन्सिपल किंवा त्याचा असिस्टंट करतो. आमच्या राज्यात सरकारी कर्मचाऱ्याला संपही करता येत नाही आणि शिक्षकांच्या युनियनला सामूहिक करारही करता येत नाही, त्यामुळे प्रिन्सिपलचं आणि तुमचं पटलं नाही तर मधे कोणी नाही. न्यूयॉर्क-शिकागोला युनियन जबरदस्त आहे तिथे थोडं वेगळं. तुमच्याकडे जे संस्था, शासन, पोर्टल आणि बिंदुनामावलीत वाटलं गेलंय ते इथे एका माणसाच्या टेबलावर येतं, म्हणून तो माणूस कोण हा प्रश्न निघतो.

निवृत्त_मुख्याध्यापक
समजलं. धन्यवाद. इतके अधिकार एका हाती नसावेत असं मला वाटतं, मग वर्ण कुठलाही असो.

संख्याप्रेमी
निरीक्षणाचा विषय निघालाच आहे तर शिकागोचं घ्या, कारण तुमच्या मताच्या विरोधात जाणारा सगळ्यात भक्कम पुरावा तिथला आहे. स्टाइनबर्ग आणि सार्टेन यांनी शिकागोच्या पब्लिक शाळांतली निरीक्षणाची गुणांकनं तपासली. ब्लॅक शिक्षकांना गोऱ्यांपेक्षा बरेच कमी गुण पडतात हे खरं निघालं. पण खोलात गेल्यावर दिसलं की तो फरक बहुतेक करून ते कुठल्या शाळेत आणि कसल्या वर्गांना शिकवतात यामुळे पडतोय. ब्लॅक शिक्षक जास्त गरीब, जास्त अडचणीतल्या मुलांना शिकवतात, तिथे सगळ्यांनाच कमी गुण पडतात. निरीक्षक आणि शिक्षक यांचा वर्ण जुळतो की नाही यावरून तो फरक उलगडत नाही. म्हणजे गोरा प्रिन्सिपल मुद्दाम कमी देतोय हे चित्र तिथे सापडत नाही. यावरचा योग्य उपाय रेटिंगचं गणित बदलणं हा आहे, कठीण वर्ग असेल तर त्याचा हिशोब धरायचा. प्रिन्सिपल बदलून त्यातलं काहीच सुटणार नाही.

जुनीपानं
मी इतिहासवाला, आकडेमोड तुमच्यावर सोडतो. पण मगापासून सगळे बोलताहेत ते असं की जणू काही ब्लॅक प्रिन्सिपल कमी असणं हे हवामान आहे, आपोआप तसं झालं. तसं झालेलं नाही, केलेलं आहे, आणि ते कधी केलं ते तारखेनिशी सांगता येतं.

१९५४ चा ब्राऊन खटला सगळ्यांना माहीत असतो, काळ्या-गोऱ्या मुलांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरल्या. तो खटला कॅन्ससमधल्या टोपीकाचा. निकाल लागायच्या वर्षभर आधी, मार्च १९५३ मधे, टोपीकाच्या शाळा सुपरिंटेंडंटने एका काळ्या शिक्षिकेला पत्र पाठवलं, ते पत्र आजही उपलब्ध आहे. त्याचा आशय असा, की सुप्रीम कोर्टाने प्राथमिक शाळांतलं वेगळेपण रद्द केलं तर टोपीकातल्या बहुसंख्य लोकांना गोऱ्या मुलांसाठी निग्रो शिक्षक नको असतील असं बोर्ड धरून चालेल, त्यामुळे पुढच्या वर्षी तुमच्या नोकरीचं आत्ता काही सांगता येत नाही. असं सभ्य भाषेतलं, टाइप केलेलं, सहीचं पत्र. निकाल लागला नव्हता तोवरच.

आणि पुढे तसंच झालं. शाळा एक करायच्या म्हणजे गोरी शाळा चालू ठेवायची आणि काळी बंद करायची, काळ्या शाळेतली मुलं तिकडे जाणार, शिक्षक नाही. मिझुरीतलं मोबर्ली घ्या, १९५५ मधे काळ्यांची शाळा बंद केली आणि तिथले अकराच्या अकरा काळे शिक्षक घरी. ते कोर्टात गेले आणि हरले, कोर्टाने मानलं की बोर्डाने गुणवत्ता बघूनच निवड केली. मिलिंद, "फक्त गुणवत्ता बघा" हे तुमचं वाक्य त्या निकालात बसवून बघा. दक्षिणेतल्या आणि उत्तर-दक्षिणेच्या सीमेवरच्या १७ राज्यांत १९५४ ते १९६५ मधे साधारण ३८,००० काळे शिक्षक आणि प्रिन्सिपल नोकरीला मुकले असा आकडा दिला जातो. प्रिन्सिपलचं तर जास्त अवघड झालं, कारण काळा प्रिन्सिपल म्हणजे गोऱ्या शिक्षिकांचा साहेब, ते चालणारच नव्हतं. शाळा एकच झाली की एक प्रिन्सिपल पुरतो, तो कोण हे ठरलेलं. अनुभवी काळ्या प्रिन्सिपलना असिस्टंट करून ठेवलं किंवा पुन्हा वर्गावर पाठवलं. गावात ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या मान होता ती माणसं.

फार जुनं वाटत असेल तर न्यू ऑर्लीन्स घ्या. २००५ च्या कट्रीना वादळानंतर तिथे सात हजारांहून जास्त शाळा कर्मचाऱ्यांना कामावरून कमी केलं. आधी तिथले ७०% च्या वर शिक्षक ब्लॅक होते, दहाएक वर्षांत ते निम्म्याच्या आसपास आले. हे सगळं बाजूला ठेवून "आजपासून वर्ण बघायचा नाही" म्हटलं की जो समतोल बिघडवून ठेवलाय तोच पक्का होतो.

मिलिंद_एडिसन
जुनीपानं, ते पत्र वाचून खरंच वाईट वाटलं, मला माहीत नव्हतं. पण तुमच्याच उदाहरणातला गुन्हा काय आहे? सुपरिंटेंडंटने वर्ण बघून निर्णय घेतला हाच ना? मग तो तेव्हा चूक आणि आता आपल्या हेतूसाठी बरोबर, हे मला जमत नाही. जॅक्सन, मिशिगनमधे कपातीत अल्पसंख्याक शिक्षकांना संरक्षण देऊन जास्त सिनियर गोऱ्यांना काढलं होतं, १९८६ मधे सुप्रीम कोर्टाने ते रद्द केलं. आणि तरी २०२२ मधे मिनिअ‍ॅपोलिसच्या युनियनने संप मिटवताना तसंच कलम परत करारात घातलं, परत आरडाओरडा. प्रत्येक वेळी शेवटी दोन शिक्षक एकमेकांसमोर उभे राहतात आणि ज्यांनी शाळांचं बजेट कापलं ते बाजूला राहतात.

आणि एक विचारतो, उत्तर द्या. त्या पेपरप्रमाणे आपल्या वर्णाचा प्रिन्सिपल असला की समाधान जास्त, म्हणजे गोऱ्या शिक्षकाचं समाधान ब्लॅक प्रिन्सिपलखाली कमी. मग जितके ब्लॅक प्रिन्सिपल वाढवाल तितके ८०% शिक्षक नाराज. त्यांच्यासाठी काय, त्यांना गोरे प्रिन्सिपल द्यायचे? हा रस्ता परत वेगवेगळ्या शाळांकडेच जातो.

वाळवंटातली_बाई
इतके दिवस नुसतं वाचते इथे, आज लिहिते. मी मूळची नाशिकची, ॲरिझोनात जे-१ या तात्पुरत्या व्हिसावर स्पेशल एज्युकेशन, म्हणजे विशेष गरजा असलेल्या मुलांना, शिकवते. इथे शिक्षक मिळत नाहीत म्हणून फिलिपीन्स आणि भारतातून आणतात, आमच्या शाळेत आम्ही बरेच जण आहोत. तुम्ही सगळे ब्लॅक-गोरा म्हणताय, त्यात आम्ही कुठेच नाही. आमच्या वर्णाचा प्रिन्सिपल आख्ख्या काऊंटीत मी बघितला नाहीये आणि मी असेपर्यंत येईल असंही नाही. मग आमचं समाधान कशावर?

आमचं कागदावर. जे-१ तीन वर्षांचा असतो, पुढे दोन वर्षांपर्यंत वाढू शकतो, आणि वाढवायला शाळेचं पाठिंब्याचं पत्र लागतं, म्हणजे प्रिन्सिपलचं. त्यामुळे प्रिन्सिपलला नाही म्हणता येत नाही. शाळेने जास्तीची मुलं दिली, घेतली. आयईपी म्हणजे प्रत्येक मुलाचा स्वतंत्र शिक्षण आराखडा असतो, तो कायद्याने मुदतीत लिहावा लागतो, दुसरी एक शिक्षिका मधेच सोडून गेली तर तिच्या मुलांचे आयईपी आमच्याकडे आले, रात्री जेवण झालं की लॅपटॉप. बस ड्यूटी आम्हालाच, कारण आम्ही कुरकुर करत नाही. माझ्या प्रिन्सिपल गोऱ्या आहेत आणि वाईट अजिबात नाहीत, माझ्या आईचं ऑपरेशन झालं तेव्हा त्यांनी स्वतः सब, म्हणजे बदली शिक्षक, शोधून दिला. पण त्यांना हे माहीतच नाही की मी "हो" म्हणते ते मनापासून नाही, पत्रासाठी म्हणते. मी त्यांना सांगितलंही नाही. कशी सांगू.

हे आमच्याच बाबतीत आहे असं नाही. मेरीलँडमधे प्रिन्स जॉर्जेस काऊंटीत हजारावर परदेशी शिक्षक होते, बहुतेक फिलिपिनो, व्हिसाची फी त्यांच्याकडूनच घेतली म्हणून २०११ मधे कामगार खात्याने लाखो डॉलर परत द्यायला लावले. त्या एच-१बी वाल्या होत्या. २०२५ मधे बाहेरून आणायच्या नव्या एच-१बी ला एक लाख डॉलर फी लावली, कुठली शाळा ते भरणार, जे-१ संपून घरी गेलं की संपलं.

तर रेवाताई, मला तुमचं पटतं आणि नाही पटत. कामाचं वाटप हे अगदी बरोबर. पण वर्ण जुळवून आमचं काही होणार नाही. मला माझ्यासारखी दिसणारी प्रिन्सिपल नको, मला नाही म्हणता आलं पाहिजे.

संख्याप्रेमी
@वाळवंटातली_बाई, धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रतिसाद. माझा मुद्दा तुम्ही माझ्यापेक्षा चांगला सांगितलात. ज्याच्याकडे सोडून जायचा पर्याय नाही त्याच्यावर काम साचतं. बॉस्टनमधे ट्रॅव्हिस ब्रिस्टल यांनी ब्लॅक पुरुष शिक्षकांच्या मुलाखती घेतल्या होत्या, काही शाळेत एकटेच ब्लॅक पुरुष होते, काही ठिकाणी बरेच जण. वाटेल की एकटे आधी सोडतील. पण जिथे बरेच होते तिथलेच जास्त सोडून गेले, कारण त्या शाळांत कामाची परिस्थिती आणि वरच्यांशी संबंध वाईट होते. सोबत आपली माणसं असून उपयोग झाला नाही.

रेवाकाठ
वाळवंटातली ताई, तुमचं वाचून मी बराच वेळ काही टाइप केलं नाही. तुमच्या प्रिन्सिपल बाईंना हे कळत नाही असं तुम्ही म्हणालात, माझ्या मते नेमकी तीच गोष्ट आहे. व्हिसावर कधी राहिलेली, किंवा घरात कोणी राहिलेलं, अशी बाई त्या खुर्चीत असती तर तिने तुमचं "हो" वेगळ्या कानाने ऐकलं असतं. वर्णाचं मी जे म्हणतेय ते असंच आहे. चेहरा जुळवणं माझ्या डोक्यात नाही, बसलेल्या माणसाला न सांगता काय कळतं हे आहे. एकट्या वर्णाने ते मिळेल अशी खात्री नाही, पण अमेरिकेतल्या शाळेत ब्लॅक माणूस म्हणून वाढलेल्या प्रिन्सिपलला त्या मागच्या टेबलावरची मुलं दिसण्याची शक्यता जास्त असते, आणि मिझुरी-टेनेसीचे आकडे तेच सांगताहेत असं मी वाचते.

संख्याप्रेमी, शिकागोचं तुम्ही माझ्या विरोधात दिलंत पण मला ते उलट वाटतं. गुणांमधला फरक वर्गांमुळे पडतो, मान्य. एकाच शाळेत कोणाला ऑनर्स बायोलॉजी आणि कोणाला तीन वेळा नापास झालेल्यांचा वर्ग, हे वाटप आकाशातून पडतं का? शाळाशाळांतला फरक प्रिन्सिपलच्या हातात नाही हे धरलं तरी शाळेच्या आतलं वाटप त्याचंच आहे. निरीक्षणाच्या वेळी तो अगदी निष्पक्ष गुण देईल हो, ऑगस्टमधे टाइमटेबल लावतानाच सगळं होऊन गेलेलं असतं.

मिलिंद, गोऱ्या शिक्षकांचं विचारलंत, त्याचं उत्तर देते. गोऱ्या शिक्षकाचं समाधान ब्लॅक प्रिन्सिपलखाली कमी होत असेल तर त्यालाही ऐकून घ्यायला हवं, त्याच्याही जादा कामाचा आणि पैशाचा हिशोब बघायला हवा, तिथे जर पक्षपात होत असेल तर तोही चूक. पण तो शिक्षक आवारातून बाहेर पडला की शेजारच्या शाळेत त्याला त्याच्या वर्णाचा प्रिन्सिपल मिळतोच, दहातल्या सात-आठ शाळांत मिळतो. ब्लॅक शिक्षकाला ते किती शाळांत मिळतं बघा. दोघांची अडचण सारखी नाही.

मिलिंद_एडिसन
हे शेवटचं थोडं पटलं. तरी मी माझ्या जागी आहे. तुम्ही सांगितलेल्या दोन्ही गोष्टी, जादा पैसे कोणाला आणि कठीण वर्ग कोणाला, यात प्रिन्सिपलचा वर्ण न बघता हात घालता येतो. यादी लावा ना स्टाफरूममधे. कोणाला किती स्टायपेंड, कोणाच्या तयारीच्या पीरियडला किती वेळा मुलं पाठवली, कोणाला किती बस ड्यूटी. सगळ्यांना दिसेल असं. गोऱ्या प्रिन्सिपललाही मग दिसेल, ब्लॅक प्रिन्सिपललाही दिसेल, व्हिसावाल्या ताईंचंही दिसेल. नेमणूक मात्र वर्ण बघून नको.

जुनीपानं
यादीला माझा पाठिंबा. पण यादी लावायची की नाही हे परत प्रिन्सिपलच ठरवणार ना मिलिंद? आणि अल्पसंख्याक शिक्षक-प्रिन्सिपल तयार करणाऱ्या ट्रेनिंग प्रोग्रॅमना केंद्राचे पैसे असायचे, २०२५ च्या फेब्रुवारीत अशा शिक्षक प्रशिक्षणाची सहाशे मिलियन डॉलरवर ग्रांट रद्द केल्याचं शिक्षण खात्यानेच जाहीर केलं. त्यात कोणाला वर्ण बघून नोकरी दिली जात नव्हती, लोकांना तयार केलं जात होतं. तेही नको असेल तर मग वेगवेगळे लोक त्या खुर्चीपर्यंत येणार कुठून?

मिलिंद_एडिसन
तयार करायला माझा विरोध नाही. दार सगळ्यांना उघडं ठेवा, जाहिरात ब्लॅक-हिस्पॅनिक मुलं जास्त असलेल्या कॉलेजांत पण द्या, फी माफ करा. निवडताना नको एवढंच. यावर आपलं एकमत होणार नाही बहुतेक.

वाळवंटातली_बाई
यादीत एक रकाना आणखी हवा, त्या माणसाला नाही म्हणायची सोय होती का. बाकी सगळं सारखं दिसेल कागदावर, मी बस ड्यूटी स्वखुशीने घेतली असंच लिहिलेलं असेल.

रेवाकाठ
ताई हा रकाना कसा भरायचा मला सुचत नाहीये, पण तो हवाच. कोणाला सुचलं तर लिहा. स्टायपेंडचं मात्र थांबायची गरज नाही. टेक्सासमधे सरकारी माहिती मागायचा कायदा आहे, पगार आणि जादा पैसे ही माहिती त्यात मागता येते, साधा ईमेल पुरतो, आणि डिस्ट्रिक्टला साधारण दहा कामाच्या दिवसांत काहीतरी उत्तर द्यावं लागतं. आमच्या डिस्ट्रिक्टची मी मागच्या तीन वर्षांची मागणार आहे, शाळावार. वर्णाची माहिती त्यात येते का बघते, नाहीतर ती राज्याच्या अहवालातून शाळेपुरती काढावी लागेल. संख्याप्रेमी, आली की तुम्हाला पाठवू का, विश्लेषण तुम्हीच करा, माझ्या विरोधात निघालं तरी इथेच टाका.

संख्याप्रेमी
पाठवा. नुसती रक्कम नको, कोणत्या कामाची तेही मागा, फुटबॉल कोच आणि डिबेट क्लब एकत्र केले तर काही कळणार नाही. आणि कोणती पदं रिकामी होती पण भरली नाहीत तेही असेल तर उत्तम.